ब्यांकरकाकांची राहिलेली ओळ

तमाम कर्जतकर, दहिवलीकर आणि थेट शिळफाट्यापर्यंतच्या सर्व सुज्ञ नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, रेल्वे वसाहतीमागच्या दगडी चर्चमध्ये महिन्यातून एकदा अँग्लिकन उपासना होते आणि तीत 'मी अमुक मानतो, तमुक मानतो' अशी विश्वासाची कबुली म्हणताना एका ओळीआधी सगळे जण थांबतात. पुस्तक हरवलेलं नसतं. कुणाला ठसका लागलेला नसतो. तो थांबा अधिकृत आहे आणि ब्यांकरकाकांच्या नावाचा आहे.

काकांचा बँकेशी संबंध एवढाच की तिथे पेन्शन यायचं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला कर्जतला जे इंजिन लावतात, त्याला म्हणतात ब्यांकर. काकांनी निम्मं आयुष्य ते चालवलं. पुढे अख्खी गाडी, मागे हे. समोर दिसायचं काय, तर शेवटच्या डब्याचं ढुंगण. सिग्नल पुढच्या ड्रायव्हरला दिसायचा, तो वॉकीटॉकीवर सांगायचा, की काकांनी जोर लावायचा. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मंडईत कुणाची हातगाडी अडली की काका मागे हजर.

माझी त्यांची गाठ पडली ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानात. हातात आईचं प्रार्थनेचं पुस्तक, पानं पापडासारखी. "अक्षर मोठं कर रं," म्हणाले, "देव फार बारीक दिसतोय यात." आई नगरकडची, ख्रिस्ती. वडील इथले, शेतीवाले. काकांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला, पण त्यानंतर साठ वर्षं ना हे चर्चकडे फिरकले, ना चर्च यांच्याकडे. आता पुस्तक वाचायला घेतलं आणि झोप उडाली. त्यांचीच नव्हे, माझीही. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर जातं न जातं तोच खालून आवाज यायचा, "देव सगळीकडं हाय, मग चर्चला दार कशाला?" मी त्यांना स्कूटरवरून चर्चला न्यायचो. मी ख्रिस्ती नाही. उपासनेनंतर चहाबरोबर केक असतो, एवढीच माझी श्रद्धा.

चर्चमध्ये माणसं अकरा, बाकं बारा. एका उपासनेत काकांचं चार बाकांवर बसून व्हायचं. आधी पंखा लागतो म्हणून उठत, मग लागत नाही म्हणून. एकदा त्यांनी पाद्रीबाबांना विचारलं, "आपण नक्की कुठले? पोपवाले का पोप नको म्हणणारे?" पाद्रीबाबा म्हणाले, "दोघांच्या मधले, काका."

"म्हणजे पळसदरी!" काका खूश झाले. "एक रूळ खोपोलीला, एक लोणावळ्याला, आणि आपण मधी उभं राहून दोघांना हात करणार. हे जमेल मला."

पाद्रीबाबांनी एक म्हणायचं आणि लोकांनी उत्तर द्यायचं, हा प्रकार तर त्यांना भलताच आवडला. "ही आमचीच रीत रं! सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं बोलायचा, दुसऱ्यानं तसाच परत बोलायचा." पण त्याच रीतीने घात केला. तरुणपणी पुढच्या इंजिनावर असिस्टंट असताना त्यांच्या उस्तादाने कानफटात देऊन शिकवलं होतं, की डोळ्यांनी बघितला नाही तो सिग्नल तोंडाने बोलायचा नाही. काकांनी तो नियम थेट विश्वासाच्या कबुलीला लावला. जी ओळ मनाला दिसली ती खणखणीत म्हणायची. नाही दिसली की गप्प. सुरुवातीला तीनचार शब्दच म्हणायचे. तीन वर्षांत एकेक ओळ सुटत गेली. कुमारीपोटी जन्म पटला, पुनरुत्थान पटलं. एकच ओळ अडली. 'पापांची क्षमा.'

त्याचं कारण त्यांनी मला पळसदरीच्या धरणावर सांगितलं, दगडावर बसता उठता, उठता बसता. "आई आजारी होती. म्हणाली, पाद्रीबाबांना बोलव. मी म्हटलं, गाडी वर सोडून येतो, मग बघू तुझ्या पाद्रीबाबाचं. आणि हसलो पण रं. लोणावळ्याहून परत आलो तर तिला खाली ठेवलेली." मग बराच वेळ पाण्यात खडे मारत राहिले. "आता कुणाला विचारू, केलं का माफ?"

काकांना हे डाचतंय, हे काकूंना माहीत नव्हतं. घरात आईचं नाव निघालं की काका अंगणात फेऱ्या मारायला उठायचे, मग तो विषय कोण काढणार? काकू एकादशी करणाऱ्या. चर्चबद्दल त्यांचं म्हणणं एकच होतं, "जावा, पण येताना मेथी आणा."

आणि बिशपसाहेब येणार असं ठरलं. डोक्यावर हात ठेवून ते काकांचं दृढीकरण करणार. ते झालं की काकांना वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून भाकर आणि द्राक्षारस घेता येणार, आई घ्यायची तसा. याच एका गोष्टीसाठी तो माणूस तीन वर्षं तळमळत होता. पण त्याआधी कबुली पूर्ण म्हणायला हवी. आदल्या दिवशी दुकानात येऊन म्हणाले, "बिशपला कळव, ब्यांकर नापास." पाद्रीबाबांनी समजावलं, आधी म्हणा, पटेल मागाहून. काका उसळले, "आधी गाडी सोडू आणि मग सिग्नल बघू? जिथवर दिसतंय तिथवर म्हणायला येतो, बस!"

काका गेल्या वर्षी गेले. अखेरच्या आजारपणात पाद्रीबाबा घरी येऊन त्यांना भाकर देऊन गेले, आणि काकूंनी त्यांना जाताना मेथीची जुडी दिली. आता त्या ओळीशी आम्ही उरलेले सगळे श्वासभर थांबतो आणि मग ती जरा जास्तच जोरात म्हणतो. मी म्हणत नाही, पण थांबतो मात्र मनापासून. नवे पाद्रीबाबा विचारत होते, ही कुठली रीत? म्हणून त्या दिवसाचं सांगून टाकतो.

साहेब येणार म्हणून काकांच्या शर्टाच्या इस्त्रीवर लक्ष ठेवायला काकू पहिल्यांदाच चर्चला आल्या होत्या. पदर डोक्यावर, शेवटचं बाक. कबुली सुरू झाली. काका बिशपसाहेबांपुढे उभे, आवाज खणखणीत. ती ओळ आली आणि गाडी थांबली. त्यांच्यामागे आम्हीही थांबलो. बिशपसाहेब थांबले. काकांची मान खाली, बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करतायत. पाद्रीबाबांनी हळूच पुढचे शब्द सुचवले, "पापांची क्षमा..." काकांनी बटण उघडून पुन्हा लावलं.

मला जे कळायला तीन वर्षं आणि एक धरण लागलं, ते काकूंना पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघून एका क्षणात कळलं. त्या शेवटच्या बाकावरून ताडकन उठल्या आणि भर उपासनेत ओरडल्या:

"अवो, सासूबाईंनी तवाच सोडलंय तुमाला! 'माझ्या लेकाची गाडी नीट वर चढू दे' म्हणत गेल्या त्या, माझ्या मांडीवर! कधी विचारलंत मला? सिग्नल मी पायलाय, तुमी नुसतं ढकला!"