निखिल, मार्टिन आणि मेरीमातेचा चित्रकार

बॉनहून मार्टिनचा फोन आला तेव्हा मी जर्मनीतच, हेर्त्सोगेनआउराखच्या आमच्या घरी आठवड्याचं वाणसामान लावत होते. "निखिल झोपेतच गेला," एवढंच तो म्हणाला. निखिल माझा धाकटा दीर, मार्टिन त्याचा नवरा. हे वाक्य आमच्या घरात सहज उच्चारलं जायला बरीच वर्षं लागली.

निखिल एका जुन्या इटालियन चित्रकारावर संशोधन करत होता. पाचशे वर्षांपूर्वीचा हा माणूस पुरुषांवर प्रेम करायचा. कोणीतरी चुगली केली, चौकशी झाली, गावभर नाचक्की झाली; आणि घरी येऊन तो पुन्हा मेरीमातेचं चित्र रंगवायला बसला. हे सांगताना निखिल नेहमी इथेच थांबायचा... त्याला स्वतःला सगळी पूजा तोंडपाठ होती. पण मार्टिनशी लग्न केल्यावर आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, फोनवर बजावलं होतं, "आता देवाला हात लावू नकोस." तेव्हापासून आमच्या गणपतीत तो स्वयंपाकघरात मोदक वळायचा आणि आरतीला दारात उभा राहायचा. मी कामांची वाटणी करताना त्याचं नाव मुकाट्यानं मोदकांपुढे लिहायचे.

आई भारतातून इथे आल्या त्या वर्षी मोदक वळता वळता त्यानं त्यांना चित्रकाराची गोष्ट सांगितली.

"ढोंगीच म्हणायचा," आई म्हणाल्या.

"नाही गं. देवीवर त्याचा जीव होता. आणि त्या माणसावरही. दोन्ही खरं होतं."

आईंनी त्याच्या हातातला मोदक निरखला. म्हणाल्या, "तुझ्या कळ्या जाड होतायत. ठेव ते. हात धू आणि पूजेला बस."

माझा नवरा पाटावरून उठला, निखिल बसला. आईंनी मार्टिनलाही बोलावलं. "त्याच्या हाताला हात लाव. जोडीनं करायची असते पूजा." मार्टिननं मोठ्या भक्तिभावानं निखिलचा डावा हात घट्ट धरला.

"अरे, उजवा! निखिल, लग्न केलंस आणि एवढं शिकवलं नाहीस?"

निखिल इतका हसला की त्याचा मंत्र चुकला. हसता हसता रडलाही.

त्यानंतर बॉनच्या घरी तो रोज दिवेलागणीला देवापाशी दिवा लावून आईंना व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे भारतात तेव्हा झोपायची वेळ. आई जाग्या राहायच्या.

तो गेल्यावर आईंना रोज फोन कोणी करायचा, हे मी ठरवायला घेतलं. मार्टिननं न विचारता आधीच सुरू केलं होतं. परवा मी त्याच्याकडे होते. फोन देवाजवळ टेकवलेला, आई पडद्यात डोळे घालून बघत होत्या.

"काजळी धरलीय बघ. वात पुढे सार."

मार्टिनला मराठी फारशी येत नाही. "हो, आई," म्हणत त्यानं वात पुढे सारली.