हा वाटीचा रंग

सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेल स्टँडबाहेर पत्रकं वाटत होते. 'गोरेपणा विकत मिळत नाही', तेच पत्रक. हातातला गठ्ठा कुठे ठेवावा कळेना... खांदा कॉलनीत पार्लर चालवणारी ही बाई माझी पहिली शत्रू. हेच पत्रक मी तिच्या दारावर चिकटवलं होतं. ते सोलत ती म्हणाली होती, "सरळ तरी चिकटव गं. दार माझं आहे." तेव्हापासून आम्ही भांडत आलो, ते थेट शेवटपर्यंत.

ताईचा विश्वास मशीनवर. घरगुती उपायांचं नाव काढलं की भिंतीवरच्या सर्टिफिकेटांकडे बोट दाखवायची. मग लोडशेडिंगच्या दिवसांत ओवे गावची एक नवरी आली. चेहऱ्यावर मसाजचं मशीन फिरत असतानाच वीज गेली. सोबतच्या आत्याने रुखवताच्या पिशवीतून काशाची वाटी काढली. "ही फिरव. आमी तलपायाला लावतो तशी."

"पायाची वाटी तोंडाला?"

"नवी हाय गो बाय. अजून कुनाच्या पायाला नाय लागली."

नाइलाजाने ताईने तेल लावून वाटी फिरवली. सकाळपासून जबडा आवळून बसलेली ती मुलगी चक्क घोरायला लागली. फक्त गाल करडे झाले. आत्या खूश, "बग, उष्णता भायेर आली."

त्या करड्या रंगासाठीच ताईने मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, उष्णता-बिष्णता काही नाही, धातूचा रंग उतरतो. तिने सोललेल्या काकडीला तेल लावलं आणि वाटी घासली. काकडी काळपट झाली. "हिलाही उष्णता झालीय म्हणायची," ताई म्हणाली आणि दोघी हसलो. वाटी तिने ठेवून घेतली, कारण आराम खरा होता. पण मसाज झाला की चेहरा पुसून काळा झालेला कापूस प्रत्येकीला दाखवायची: "हा वाटीचा रंग, तुझा नाही."

इतर पार्लरवाल्या आधी चेष्टा करायच्या, "उद्या वरवंटा फिरवशील." मग एकेक जण तिच्या खुर्चीत येऊन पडली, सैलावून उठली आणि वाटी कुठे मिळते विचारू लागली. ताईने सगळ्यांना शिकवलं. अट एकच: काळ्याचं खरं सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि आता? तिचा तेरावा होऊन महिनासुद्धा झाला नाही, तर त्यातल्याच एकीच्या दारावर पाटी लागलीय, 'काळेपणा काढणारं प्राचीन फेशियल'. आत एका सावळ्या मुलीला कापूस दाखवणं चाललं होतं, "बघ, किती निघाला." मी तिथेच भांडले. बाई शांतपणे म्हणाली, "धंदा आहे गं. तुझं पत्रक कोण वाचतंय?"

कोणी वाचत नाही, हे खरंच आहे. वाटी सगळ्यांनी घेतली, वाक्य कोणालाच नको होतं. ताईची वाटी तिच्या नवऱ्याने मला दिली. मसाज मला येत नाही. म्हणून काल त्याच पार्लरसमोर मी स्टूल मांडलं. त्यावर तेल, कापूस आणि काकड्या. लोक पत्रक टाळतात, काकडीपाशी मात्र थांबतात. ती सावळी मुलगीही थांबली. वाटी हातात घेऊन तिने स्वतःच काकडीवर घासली, काकडी पुसली आणि काळा कापूस उलटसुलट करून बघितला.

"मग ते माझं नव्हतं?"

ते वाक्य ताईसारखं सहज म्हणायला मला अजून जमत नाही. मी 'नाही' अशी मान हलवली आणि तिच्या हातातल्या वाटीकडे बोट दाखवलं.