आमदारांचा तबेला

आमदार हसले की समजायचं, आता काहीतरी वाईट होणार. एरवी ते जुन्या ट्रकसारखे गुरगुरत बोलायचे. हसायचे फक्त कुणी त्यांच्याशी जास्तच गोड बोललं तर.

ते स्वतः आमदार नव्हते हां. आमदार त्यांचे पणजोबा. हे नाव मी ठेवलं, कारण इथं अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाजवळच्या त्यांच्या गॅरेजमध्ये नुसतं ऑइल चेंजला गेलं, तरी पणजोबा ऐकल्याशिवाय गाडी मिळायची नाही. गुलाम म्हणून जन्मलेला काळा माणूस. यादवी युद्ध संपल्यावर सुटला, नाल ठोकता ठोकता आता गॅरेज आहे त्याच जागेवर गावातला सगळ्यात मोठा तबेला उभा केला. निवडून आला. राजधानीत गोऱ्या मेंबरांनी 'तुम्हाला मत द्यायचा हक्क आहे, इथं बसायचा नाही' म्हणून हाकललं, तर घरी येऊन पुन्हा उभा राहिला.

सेलूच्या शाळेत मी हेडसरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो, आमदारांना कसा सोडणार? त्यांच्यासमोरच केली. मान वाकडी, चष्मा नाकावर, "पोरा, घोडे कुठं चाललेत बघ!"

ते म्हणाले, "आवाज ठीक आहे. भीती कमी पडतेय."

घोड्यांची गोष्ट अशी. निवडणुकीच्या तोंडावर एक दिवस तबेल्यातून एकेक गिऱ्हाईक आपापला घोडा सोडून न्यायला लागलं. सगळे हसतमुख. "बायकोला माहेरी न्यायचंय. थँक्यू हं!" भांडण नाही, धमकी नाही. संध्याकाळी एकच परका घोडा उरला, बाहेरगावच्या एका मास्तरांचा. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. पणजोबांनी स्वतःच्या घोड्यांच्या आधी तो बाहेर काढला, लांबच्या झाडाला बांधला, पुढ्यात चारा टाकला. मग तबेला पेटला.

"भरवशावर ठेवलेलं जनावर," आमदार म्हणायचे, "आपल्या आगीत जळता कामा नये."

यंदा त्या जागेवर टाउनहाउस बांधायला एक बिल्डर मागे लागला. आमदारांनी नाही म्हटलं. मग समोर रोज एक पिकअप उभा राहायला लागला. आत दोघं. काही करायचे नाहीत. नुसते बघायचे.

आणि आपली मराठी मंडळी गाड्या काढायला लागली! कुलकर्णी काकांनी तर अर्धवट दुरुस्त झालेली व्हॅन टो करून नेली. "काही नाही हो, मिसेस म्हणते डीलरकडेच देऊ. यू आर द बेस्ट हं!"

आमदार हसले.

जाता जाता काका माझ्या कानात, "तुझी पण काढ रे. कशाला उगाच लफड्यात पडतोस?"

माझी गाडी लिफ्टवर होती. बाकी गॅरेज रिकामं. काहीतरी गंमत करावी म्हणून मी आमदारांच्या आवाजात म्हटलं, "पोरा, घोडे गेले. एकच उरलाय."

ते म्हणाले, "आता बरोबर जमलं. ने तो."

"नाही नेत. ती इथं आहे तोवर तुम्हाला गिऱ्हाईक आहे."

सकाळी ऑफिसला निघालो, तर गाडी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये! सगळ्यात लांबच्या झाडाखाली. धुतलेली, किल्ली टायरवर. मला हसूच आलं. म्हातारा होम डिलिव्हरी करायला लागला की यार! आत बसून स्टार्ट केली. पेट्रोलचा काटा चढत चढत फुल्लवर गेला.

चारा.

तेवढ्यात फोन वाजला. मागे आगीच्या बंबाचा सायरन.

"पोरा, घोडा ठीक आहे ना?"

"आहे. तुम्ही?"

"रस्त्यापलीकडे उभा आहे. बिल्डर स्वतः आलाय. सॉरी म्हणतोय, पाणी आणून दिलं. फार गोड बोलतोय."

आणि आमदार हसले.