माझ्या बहिणीची शून्यं

तर काल आपण बुटांपाशी आलो होतो, आणि तेवढ्यात हिने जेवायला हाक मारली म्हणून गोष्ट अडली. ते बूट मी धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, सत्कारासाठी घेतले होते. काळे, नाडीचे आणि चालताना करकर वाजणारे. दुकानदार म्हणाला, "आजोबा, न वाजणारे दाखवू का?" म्हटलं, "छे! वाजलेच पाहिजेत. भाऊ आलाय हे सभागृहाला कळायला नको?"

आमची ही म्हणाली, "सत्कार तिचा, आणि मिशांना पीळ तुमच्या!"

खोटं कशाला बोलू, पीळ होताच. धाकटी माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. मी गावच्या शाळेतून चौथीत बाहेर पडलो आणि शिंप्याच्या हाताखाली बसलो. तिला पाढे शिकवले ते मीच, काजं-बटणं करता करता. ती पुढे शिकली, नर्स झाली आणि सव्वीस वर्षं एकाच इस्पितळाच्या हृदयविभागात राहिली. लग्न केलं नाही. आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहते. तिकडे तिला सगळे पट्टेवाली ताई म्हणतात, कारण येईल त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघणं हे तिचं काम. तिचा दराराही तसाच. "बोलायचं नाही, हसायचं नाही, पाय जमिनीला टेकवा." एकदा एका पैलवानाने पट्टा बांधलेला असताना विनोद सांगायला सुरुवात केली. धाकटी म्हणाली, "दादा, विनोद संपवा. पण मग पाच मिनिटं गप्प बसा, म्हणजे मी पुन्हा मोजते." तो बिचारा तिथेच विनोद विसरला.

आता फेलोशिपचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हृदयरोगाचं एक मोठं मंडळ आहे. ते तरुण डॉक्टरांना पाच वर्षं पगार देतं. पेशंट थोडे बघा, संशोधन जास्त करा, असा हिशोब. तिसऱ्या वर्षी काम तपासतात आणि मगच पुढची दोन वर्षं देतात. धाकटीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंना ही फेलोशिप तिसऱ्या खेपेला मिळाली होती. दोनदा नकार आला तेव्हा त्या औषधांच्या खोलीत जाऊन रडल्या होत्या, आणि धाकटीने त्यांना चहा नेऊन दिला होता. त्यांचा अभ्यास साधा होता. निम्म्या लोकांनी रोज चाळीस मिनिटं चालायचं, निम्म्यांनी नाही, आणि बीपीत काय फरक पडतो ते बघायचं. फरक पडून पडून किती, तर चारपाच अंकांचा. अर्जात त्यांनी लिहिलं होतं की सगळी मापं एकच अनुभवी परिचारिका घेणार आहे. ती परिचारिका म्हणजे आमची धाकटी. तो कागद तिने मला तीनदा वाचायला लावला. मी सहादा वाचला.

मंडळाच्या वार्षिक सभेत डॉक्टरीणबाईंची पुढची दोन वर्षं जाहीर व्हायची होती, आणि त्याच मंचावर धाकटीला सव्वीस वर्षांच्या सेवेचं मानपत्र मिळायचं होतं. मी न्हाव्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, समोरच्या इमारतीतल्या बहिऱ्या मास्तरांना तर दोनदा सांगितलं.

सभेला आठ दिवस असताना डॉक्टरीणबाई आमच्या घरी आल्या. हातात मंडळाचं पत्र, चेहरा उतरलेला. मंडळाच्या आकडेवाल्याने नोंदी तपासल्या होत्या. पाऱ्याच्या नळीवर दोन-दोनच्या रेघा असतात. एकशे अठ्ठावीस, एकशे तीस, एकशे बत्तीस, असं. म्हणजे शेवटी शून्य यायचं तर पाचांत एकदा यावं. इथे दहांत नऊदा आलं होतं. चारपाच अंकांचा फरक अशा गोल आकड्यांत दिसणार कसा?

"ताई, काय झालं असेल हो?" त्या म्हणाल्या. "आपल्या विभागाचे मोठे सर म्हणतात, यंत्र जुनं होतं असं लिहून टाकू."

धाकटीने कागद बघितला. मग म्हणाली, "यंत्र जुनंच आहे तसं."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, चहा अर्धा टाकला आणि गेल्या.

दुपारी धाकटी स्वतःचं यंत्र घेऊन माझ्यासमोर बसली. "बाही वर करा, दादा." पट्टा बांधला, फुगवला, कानाला नळी लावली, आणि डोळे पाऱ्यावर असे रोखले की मलाच घाम फुटला.

"एकशे अडतीस."

"अगं, माझं तर नेहमी एकशे चाळीस असतं!"

"नेहमी मी चाळीस म्हणायचे," ती म्हणाली, आणि पट्टा न सोडताच तशी बसून राहिली.

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या नोकरीत गर्दी असायची, तेव्हा मोठ्या सिस्टरने सांगितलं होतं, गोल आकडा लिही, डॉक्टरांना तेवढाच पुरतो. हाताला सवय लागली. डॉक्टरीणबाईंनी अभ्यास सुरू करताना बजावलं होतं की दिसेल ती रेघ लिहायची. "मी ऐकलं होतं, दादा. हो म्हटलं होतं. पहिले चार दिवस लिहिलंही. मग हात आपोआप शून्यावर जायला लागला. आणि आज त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, तर मी यंत्राचं नाव घेतलं."

आता माझी लाज ऐका. शिंपी माणूस मी. छाती साडेछत्तीस भरली तर सदतीस लिहायचं, शिवणीत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायची आणि पुढे निघायचं. आयुष्यभर तेच केलं, कुणाचा सदरा फाटला नाही. आणि डोळ्यांसमोर मंच, मानपत्र, ते करकरणारे बूट. मी म्हणालो, "मग यंत्राचं म्हटलंस त्यात बिघडलं काय? यंत्राला का अब्रू असते?"

आतून हिने भांडं आपटलं, तेवढ्यावरून मला माझी लायकी कळली.

धाकटी म्हणाली, "यंत्राला नसते. पण यंत्र नीट ठेवायची जबाबदारी डॉक्टरीणबाईंची आहे. मंडळ म्हणेल, हिला यंत्र सांभाळता येत नाही, हिला पुढची दोन वर्षं कशाला? सवय माझी, आणि घरी बसणार त्या."

मी कोटाची बटणं मोजत बसलो. चारच होती, पण बराच वेळ लागला.

संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगून आली. त्या काय म्हणाल्या, विचारलं. "काही नाही. खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, बसा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं."

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. डॉक्टरीणबाईंना दोनऐवजी एक वर्ष मिळालं, आणि ते सगळी मापं नव्या, आपोआप आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर पुन्हा घ्यायच्या अटीवर. मानपत्राच्या यादीतून धाकटीने स्वतःच नाव काढायला लावलं. न्हावी अजून विचारतो, "आजोबा, फोटो कुठंय सत्काराचा?" मी म्हणतो, "कानामागचे नीट काप." बूट घालून मी भाजी आणतो. करकरतात मेले.

तर मंडळाने सभेच्या दिवशी सकाळीच त्या शून्यांची चौकशी ठेवली होती, तिथे मी तिच्याबरोबर गेलो. लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, पाण्याचे पेले झाकलेले. अलीकडे डॉक्टरीणबाई आणि मोठे सर. मला दाराजवळ खुर्ची दिली होती. तिथपर्यंत जाताना बूट इतके वाजले की पाचही जणांनी वर बघितलं, आणि मला वाटलं काढून हातात घ्यावेत. धाकटीने मी शिवलेल्या पिशवीतून तीन वर्षांची रजिस्टरं काढली. त्या आठ दिवसांत तिने रोज दुपारी ती उघडून नोंदी मोजल्या होत्या. मी मदतीला बसलो तर म्हणाली, "नको, तुम्ही गोल कराल."

मोठे सर मध्येच म्हणाले, "यंत्र जुनं होतं, हेही खरंच आहे."

"यंत्र परवा तपासून आणलंय, सर. एका रेघेचाही फरक नाही," धाकटी म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. मोठ्या सिस्टरचं नाव मात्र घेतलं नाही. ती सवय आपल्याच हाताची, असं म्हणाली. डॉक्टरीणबाई टेबलाकडे बघत होत्या. मी माझ्या बुटांकडे.

मधोमध बसलेले अध्यक्ष वयस्क होते, भला माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, इतकं मनाला लावून घेऊ नका. साधारण किती नोंदी असतील अशा? तीनेक हजार?"

धाकटीने रजिस्टरवर हात ठेवला आणि म्हणाली, "साधारण नको, साहेब. माझ्या सहीच्या तीन हजार एकशे सतरा आहेत, तीनदा मोजल्यात. त्यातल्या दोन हजार आठशे चौसष्टांच्या शेवटी शून्य आहे. त्यातलं खरं कुठलं आणि मी केलेलं कुठलं, ते आता मलाही ओळखता येत नाही. त्याचीच लाज वाटते."