उजव्या कोपऱ्यातील करकर

लॅपटॉपची ती करकर मी प्रथम ऐकली तेव्हा मला भीती वाटली नव्हती, चीड आली होती. आज मात्र त्या दिवसांतली चीड आठवत नाही, भीतीच आठवते. म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने सांगणे बरे.

पत्नीच्या मणक्याचे ऑपरेशन होऊन काही आठवडे झाले होते. देवळाली प्रवऱ्यातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिची खाट लावली होती. कमरेला सदैव पट्टा, कुशीवर वळायचे तर सारे अंग एकाच वेळी वळवायचे, आणि उठून बसायचे ते मी खांद्याखाली हात दिल्यावरच. स्वतःहून उठण्याचा थोडाथोडा सराव करायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पण एकदा तसा प्रयत्न करताना तिच्या पायातून अशी कळ गेली की त्यानंतर सरावाचे नाव तिनेही काढले नाही आणि मीही काढले नाही. दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो तरी माझे चित्त घरात असे. मागे गॅस चालू राहिला असेल, एखादी तार पेटली असेल, आणि ही खाटेवर पडून दाराकडे नुसती बघत असेल, असे चित्र डोळ्यांपुढे येई आणि मी परतीचा रस्ता जवळजवळ पळत कापी.

लॅपटॉप मुलीचा. तिने नवा घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला. मोबाईल डोळ्यांपुढे धरून आईचा खांदा भरून येतो, हे तिने पुण्याहून बोलता बोलता ओळखले होते. मी एका जुन्या पाटाला चार बुटके पाय ठोकून पलंगावरचे मेज तयार केले. ते पत्नीच्या मांड्यांवरून आडवे बसे, त्यावर लॅपटॉप. सकाळी ती पत्ते खेळे, दुपारी लेकीशी बोले, आणि औषधाची गुंगी आली की तो तसाच उघडा ठेवून झोपून जाई.

करकर येई ती उजव्या कोपऱ्यातून. तिने मनगट टेकवले की कर्र, उचलले की पुन्हा कर्र. नव्या वहाणेचा असतो तसा तो आवाज होता. मुलीलाही तो पलीकडे ऐकू जाई. मी वैतागलो की पत्नीला हसू येई.

"अवो, माझ्यासारखंच हाय ते," ती म्हणाली. "मणका गेलाय त्याचा. एक पट्टा त्यालाबी आणा."

शाळेत मी विज्ञान शिकवले, आणि ज्या वर्गांत शिकवले त्यांतली बाकेही बहुतेक मीच दुरुस्त केली. बाक का करकरते, हे मी मुलांना दाखवत असे. दोन फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात. त्या धड सरकत नाहीत आणि धड स्थिरही राहत नाहीत. अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. त्या अडकण्या-सुटण्याचा तो आवाज. उपाय दोनच: एक तर त्यांच्यामधील घर्षण कमी करा, नाही तर त्यांना इतके घट्ट आवळा की हालचालच होणार नाही. बाकांच्या बाबतीत हा नियम कधी चुकला नव्हता.

म्हणून मी पहिल्यांदा पेन्सिलीच्या शिशाची पूड करून ती कडेच्या फटीत कागदाच्या टोकाने भरली. एक दिवस बरा गेला. मग चष्म्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरने खालचे सगळे स्क्रू आवळले. त्यांतला मधला एक पुरता बसेना, त्याचे डोके वर राहत होते. मी जोर लावला आणि तो बसवला. तरीही कोपऱ्यातले झाकण किंचित उचललेले दिसत होते. शाळेत नव्याने बांधलेली पुस्तके आम्ही वजनाखाली दाबून ठेवत असू, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. तीच रीत मी येथे वापरली. लॅपटॉप मिटून त्यावर शब्दकोशाचे जाड खंड रचले आणि रात्रभर तसेच राहू दिले.

सकाळी तो अगदी गप्प होता. मी पत्नीला तो अभिमानाने दाखवला.

"शाळेत पोरंबी अशीच दाबून गप बसवायचा व्हय?" ती म्हणाली.

दोन गोष्टी तिने त्याच सुमारास सांगितल्या होत्या, त्या येथे नोंदवतो. एक म्हणजे, ज्या चौकोनावर बोट फिरवायचे तो आता दाबला जात नाही. दुसरी, पाट खालून गरम लागतो. पहिल्या तक्रारीवर मी तिला बोट हलके टेकवायला सांगितले. दुसरीवर पांघरूण पातळ दिले.

गळिताचा हंगाम चालू होता. आमच्या घरावरून उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसभर जात, आणि प्रत्येक वेळी खिडकीची तावदाने थरथरत. त्यामुळे एका दुपारी पत्नी झोपलेली असताना, मेजावरच्या लॅपटॉपला कोणाचाही हात लागलेला नसताना, कर्र असा आवाज आला तेव्हा मी तो ट्रॅक्टरच्या खाती टाकला. पण थोड्या वेळाने तो पुन्हा आला, आणि या वेळी रस्ता शांत होता, असे मला वाटले. वाटण्यावर विसंबायचे नाही, ही जुनी सवय. तिच्या औषधासाठी स्टुलावर पाण्याचा पेला भरून ठेवला होता. ट्रॅक्टर गेला की त्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत. मी खुर्ची ओढून पेल्यासमोर बसलो. एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, पाणी थरथरले, लॅपटॉप गप्प. मग रस्ता मोकळा झाला. पाणी आरशासारखे स्थिर झाले. आणि त्या स्थिर पाण्याकडे मी बघत असतानाच उजवा कोपरा करकरला.

बल लावल्यावाचून स्थिर वस्तू हलत नाही, हे मी किती वर्गांना घोकून घेतले होते. बाहेरून बल लावणारे कोणी नव्हते. तेव्हा ते आतून लागत होते.

टेबलाच्या खणातून मी पोलादी फूटपट्टी आणली. पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे पाहण्याची याहून सोपी रीत नाही: पट्टीची धार टेकवायची आणि खालून उजेड दिसतो का ते बघायचे. श्वास धरून मी ती कीबोर्डच्या कळांच्या खालच्या मोकळ्या जागेवर अलगद ठेवली. मध्यभागी ती टेकली आणि दोन्ही टोकांना उजेड दिसला. एक टोक बोटाने जरासे खाली केले तर दुसरे वर गेले. बोट फिरवायच्या चौकोनाखाली उंचवटा आला होता.

पूर्वी एकदा माझ्या जुन्या मोबाईलची पाठ अशीच पुरीसारखी फुगून उघडली होती. तो मी टाकून दिला, विषय संपला. पण फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली गेली तर पेटू शकते, एवढे मला तेव्हापासून ठाऊक होते. मधला तो न बसणारा स्क्रू मला आठवला. शब्दकोशाचे खंड आठवले. आणि ती वस्तू आता, चार्जिंगचा दिवा लावून, जिला उठता येत नव्हते तिच्या मांड्यांवर होती.

प्रथम मी भिंतीवरचे बटण बंद केले आणि मग वायर काढली. झाकण मिटावे असे हाताला वाटत होते, पण मिटले म्हणजे पुन्हा दाब. झाकण तसेच उघडे ठेवून बटण दाबून धरले आणि लॅपटॉप बंद केला. पत्नीला उठवावे की नाही, हे ठरेना. ती दचकली आणि अंग झटकन वळले तर मणक्याचे काय, ही एक भीती. नाही उठवले तर काय, ही दुसरी. तोवर तिचेच डोळे उघडले.

"काय झालं?"

"काही नाही."

"तुमी काई न्हाई म्हनताना कधी असे दिसत न्हाई. सांगा."

मी सांगितले. बॅटरी फुगली आहे, हे बाहेर नेतो, तू हलू नकोस.

"अन् पेटलं तर?"

"तुझ्यापर्यंत येणार नाही."

"माझं न्हाई इचारत. तुमच्या हातात पेटलं तर?"

मी लॅपटॉपला हात न लावता पाटच दोन्ही बाजूंनी धरून उचलला. स्वतःच्याच घरात मी इतक्या हळू कधी चाललो नव्हतो. उंबऱ्याशी आलो तेव्हा तो पुन्हा करकरला, आणि तो आवाज कानाला नव्हे, तळहातांना लागला. पाट टाकून पळावे असे वाटले. पण मागे ती होती.

मागच्या अंगणात जावे तर शेजाऱ्यांची कडब्याची गंजी कुंपणाला टेकलेली. पुढे जावे तर पेट्रोल भरलेली स्कूटर. रोज डोळ्यांखालून जाणारे हे अंगण किती पेटण्याजोगे आहे, हे मला त्या दिवशी कळले. शेवटी बाजूच्या बोळातल्या कपडे धुण्याच्या दगडावर मी पाट ठेवला. बांधकामातून उरलेली कोरडी वाळू घमेल्यात भरून जवळ आणली आणि लांब उभा राहून बघत राहिलो. धूर आला नाही. वास आला नाही. एक ट्रॅक्टर गेला, त्यामागे दुसरा. काहीच झाले नाही.

आत आलो तर पत्नी खाटेवर जशी सोडली होती तशी नव्हती. ती कुशीवर वळलेली होती, एक कोपर गादीत रुतलेले, एक पाय खाली फरशीवर. कपाळावर घाम होता. मी धावत जाऊन खांद्याखाली हात घालणार, तोच ती बोलली.

"थांबा. हात देऊ नका."

"अगं, कळ येईल."

"येऊ द्या. माझं मला दारापर्यंत जाता येतंय का, ते बघू द्या."

मी हात मागे घेतला. साऱ्या दुपारभरात एवढे अवघड काम मी केले नव्हते. कोपरावर भार देत, ओठ आवळून, ती बसती झाली. दारापर्यंत ती गेली नाही. खाटेची कड दोन्ही हातांनी धरून ती थरथरत बसून राहिली, आणि मी समोर स्टुलाला धरून उभा होतो. पेल्यातले पाणी आमच्यामुळे हलत होते.

दुसऱ्या दिवशी राहुरीचा दुरुस्तीवाला येऊन लॅपटॉप नेऊ लागला, तेव्हा तो माझ्यासमोरच उघड असे मीच म्हटले. त्याने बोळातच बसून तळ काढला आणि बॅटरी वाळूत ठेवली. चपटी असावी ती पिशवी उशीसारखी फुगली होती, आणि तिच्या चकचकीत कातडीवर एके ठिकाणी बारीक खळगा पडला होता. मी जोर लावून बसवलेला स्क्रू नेमका त्याच्यावर येत होता. कातडी फाटली नव्हती. त्या खळग्याकडे मी फार वेळ पाहू शकलो नाही.

नवी बॅटरी घातलेला लॅपटॉप आता अजिबात वाजत नाही. तरीही पत्नी तो मांडीवर घेत नाही, स्टुलावर ठेवून बघते, आणि मी दर रविवारी त्यावर फूटपट्टी ठेवून उजेड बघतो.

सराव मात्र रोज चालतो, आणि तिच्या अटीनुसार मी त्या वेळी खोलीत थांबत नाही. ती उठू लागली की खाट करकरते. खाटेचे बोल्ट ढिले झाले असावेत. मी पाना घेऊन आवळायला गेलो तर तिने अडवले.

"ऱ्हाऊ द्या. तिकडं तुमाला कळंल, मी उठतेय ते."

तेव्हा पाना खणातच आहे. दुपारी मी स्वयंपाकघरात चहा ठेवतो. पुढच्या खोलीत खाट एकदा करकरते आणि थांबते. मी गॅस बारीक करतो, ओट्याची कड धरतो, आणि तिचे पाऊल फरशीवर पडल्याचा आवाज येईपर्यंत तसाच उभा राहतो.