कोल्हे सुटले

"मी एवढंच विचारतेय, ती ढकलगाडी तिथं कुणी टेकवली?"

"आणि मी दोनदा सांगितलं की मी. हातात पिशव्या होत्या, अंगणात बर्फ साचला होता, कोठाराच्या दाराला टेकवली. त्यात काय आकाश कोसळलं, हिल्का?"

"दाराला म्हणजे अगदी दाराला?"

"नाही, दारावर टांगली. बूट इथं नकोत, ओल येते. माझा फोन खिडकीत नको, तुझ्या संगणकाचा पडदा अडतो. आता गाडी दाराला नको. तुझ्या लेकाला, वेसाला सांगते, खाणीवरून येताना एक खुंटी घेऊन ये, मलाही तिच्यावर टांगून ठेवा."

सुनेच्या असल्या बोलण्याला हिल्काकडे नेहमी उत्तर तयार असे. आज तिने फक्त वेळ विचारली.

"केव्हा टेकवलीस?"

"मघाशी. तू पडद्याला नाक लावून बसली होतीस. हाक मारली तर हात हलवलास, माशी हाकलावी तसा."

हिल्काने उकळती किटली उचलली होती. ती तिने तशीच लाकडी टेबलावर ठेवली, खाली काही न घेता. मेर्वी बघतच राहिली. त्या टेबलावर गरम भांडं टेकवलं म्हणून या घरात आठवडा आठवडा अबोला झाला होता.

"काय झालं?" मेर्वीने विचारलं. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

हिल्का बाहेर धावली, अंगावर कोट न घेता. दुपार नुकती टळली होती, पण डिसेंबर होता आणि बाहेर मिट्ट काळोख होता. तिने कोठारापाशी जाऊन ढकलगाडी उचलली, बर्फावर घसरणाऱ्या तिच्या लांब पोलादी पट्ट्यांसकट, आणि दूर अंगणात फेकली. परत येऊन पडद्यासमोर उभी राहिली. पडद्यात कोठाराच्या भिंतीवरचा लाल ठिपका जिथून उडाला होता त्या जागी मुकाट्याने परत येऊन बसला होता.

टेकडीच्या पोटात खणलेल्या त्या कोठारात बटाटे आता एका कोपऱ्यात असत. बाकीचं कोठार जॅमच्या एका बरणीचं होतं. बरणीत धाग्याने टांगलेली चुंबकाची पट्टी, पट्टीला आरशाचा तुकडा, आरशावर लाल दिव्याचा बारीक किरण. सूर्यावर स्फोट झाला की त्याची झळ एकदोन दिवसांनी पृथ्वीवर येऊन आदळते. तेव्हा बरणीतला चुंबक कणभर फिरतो आणि समोरच्या भिंतीवरचा ठिपका वीतभर सरकतो. एक जुना फोन त्या ठिपक्याचं चित्र स्वयंपाकघरातल्या पडद्यावर पाठवत राही. शाळेच्या खानावळीतून निवृत्त झाल्यावर हिल्काने हे सगळं स्वतः उभं केलं होतं. कोठारात फावडं न्यायचं नाही, बादली न्यायची नाही. आत जाताना ताइस्तोला ती कमरेचा पट्टासुद्धा काढायला लावी आणि तिचा तो सत्तरीचा नवरा एका हाताने विजार धरून बटाटे भरत असे. दार बंद असताना बाहेरून कुणी लोखंड टेकवील, हे मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

खरं वादळ आलं की ठिपका एका जागी बसत नाही, थरथरतो, मागेपुढे होतो. हा एकदाच उडाला आणि नव्या जागी गच्च बसला. ते तिला दिसलं होतं. पण परवा सूर्यावरच्या मोठ्या डागातून स्फोट झालेला तिने उपग्रहाच्या चित्रात पाहिला होता, आज रात्री वादळ येईल असं सगळ्यांना सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती धड जेवलीही नव्हती. इथं सूर्य आता जानेवारीपर्यंत उगवणार नव्हता, आणि त्याच दिवसांत ही बाई सूर्यावर नजर ठेवून बसायची. शेजारचा औला तिला रोज चिडवी, "काय सैपाकीणबाई, शिजला का सूर्य?" तेव्हा ठिपका उडालेला पाहताच तिने फोनवरच्या गटावर दोन शब्द लिहून टाकले. कोल्हे सुटले.

कोल्हा बर्फावरून पळतो, त्याची शेपटी घासते आणि तिच्या ठिणग्या आकाशात हिरव्या होऊन पेटतात, असं इथले जुने लोक म्हणत. गटाने शब्द तिथून घेतला. हिल्काने तो लिहिला की सरोवराकाठची आठ-दहा माणसं हातातलं काम टाकून काळोखात धावत. तिचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता. ताइस्तो तर आज फोन वाजायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून ओळखून बूट चढवत होता, कॅमेरा घेऊन सरोवरातल्या बेटावर जायला.

"ताइस्तो बेटावर गेलाय," हिल्का म्हणाली. "माझ्यामुळे. आकाशात काहीही नाहीये, मेर्वी. तुझी गाडी होती."

"मग फोन कर. म्हणावं, परत ये."

फोन लागत नव्हता. तिने तीनदा लावून पाहिला, मग मेर्वीने आपल्या फोनवरून लावला, जसं काही दोष फोनचा होता.

"तो फांद्यांच्या वाटेनेच गेला असेल," मेर्वी म्हणाली.

गोठलेल्या सरोवरावर फांद्या रोवून आखलेली वाट खाडीला वळसा घालून बेटावर जात होती. तिथला बर्फ जाड होता. पण सरळ जायचं तर मध्ये सामुद्रधुनीसारखी अरुंद पट्टी होती, तिच्याखालून नदीचा प्रवाह जातो, बर्फ पातळ राहतो, आणि नाताळच्या आधी तिथं कुणी पाय टाकत नाही. ताइस्तोही टाकत नसे. मात्र कोल्हे सुटले की तो वेगळा माणूस होई. हिरवं आकाश कधीकधी कॉफी निवायच्या आत विझतं, आणि गेल्या वर्षी वळशाने जाताना त्याचा सगळा खेळ हुकला होता. त्यावरून तो आठवडाभर घुम्यासारखा बसला होता. "पुढच्या वेळी सरळ," असं तो तेव्हा म्हणाला होता आणि हिल्काने ते थट्टेवारी नेलं होतं.

तिने गटावर लिहिलं, 'कोल्हे नाहीत. माझी चूक. ताइस्तो कुणाला दिसला का?' 'माझी चूक' लिहिताना तिला काही वाटलं नाही. तासाभरापूर्वी मेली असती तरी लिहिलं नसतं.

मेर्वीने मदतपथकाला फोन केला. ते यायला वेळ लागणार होता, रस्त्यावर रेनडिअर आणि गोठलेला चिखल. दाराजवळच्या खुंटीवर टोच्यांची एकच जोडी लटकत होती. लाकडी मुठींचे दोन टोचे, गळ्यात घालायच्या दोरीत ओवलेले. बर्फ फुटून पडलात तर कडेत टोचून स्वतःला वर ओढायचं. दोरीलाच एक शिट्टी असते.

"त्याची जोडी नाहीये," मेर्वी म्हणाली. "म्हणजे गळ्यात आहे. हिल्का, त्याच्याकडे शिट्टी आहे. पडला असता तर वाजवली असती."

हिल्काला हे इतकं पटलं की तिला रडू येईल असं वाटलं. ती जोडी मेर्वीने तिच्या गळ्यात घातली, वर कोट चढवला, लहान मुलाला घालावा तसा, बटणंसुद्धा लावली.

काठावर औला आधीच आला होता, बर्फावरची स्कूटर घेऊन. चिडवलं नाही त्याने. दिवा खाली धरून त्याने स्कीच्या खुणा दाखवल्या. खुणा फांद्यांपर्यंत गेल्या होत्या, तिथं थोड्या घुटमळल्या होत्या आणि मग सरळ निघाल्या होत्या.

"गाढव," औला म्हणाला, हलक्या आवाजात.

"ऐका," हिल्का म्हणाली. "शिट्टी वाजेल. गप्प राहा आणि ऐका."

ते ऐकत राहिले. बर्फ खालून कण्हत होता, थंडी वाढली की कण्हतो तसा, पण हिल्काला त्यात माणूस ऐकू येत होता. ती दक्षिणेकडच्या सपाट मुलखातून या गावात नोकरीसाठी आली होती आणि इतक्या वर्षांत फेब्रुवारीच्या आधी तिने बर्फावर कधी पाय ठेवला नव्हता. लोक हसत. तिला पाण्याची भीती नव्हती. पाणी आहे हे न दिसण्याची होती.

शिट्टी वाजली नाही. जेवढा वेळ ती वाजत नव्हती तेवढा मघाचा आधार उलटा होत गेला. गळ्यात शिट्टी असून जो वाजवत नाही तो का वाजवत नाही, हे कुणी बोलत नव्हतं. मेर्वीने सासूचा हात धरला होता.

मग बेटामागे एक फिकट पट्टा उमटला. हिल्काला वाटलं गाडीचा दिवा असेल. पट्टा फुगला, हिरवा झाला, डोक्यावरून पलीकडे गेला आणि सगळं आकाश पडद्यासारखं हलू लागलं, खालच्या काठाला गुलाबी झालर घेऊन. रात्री येईल म्हणून तिने सांगितलेलं वादळ आताच येऊन ठेपलं होतं. खिशात फोन गुरगुरत राहिला. गटावर सगळे एकच लिहीत असणार. अशा आकाशासाठी ती वर्षानुवर्षं बरणीपुढे बसली होती, आणि आता तिने त्याचा उपयोग फक्त खाली बघायला केला. हिरव्या उजेडात सगळा बर्फ दिसत होता. मध्यावर एक काळा डाग होता. त्याच्याशेजारी एक स्की पडली होती, एकच.

मेर्वीच्या तोंडून आवाज निघाला.

"पलीकडे बघा," औला म्हणाला. त्याने कोटाची टोपी पुढे ओढून कपाळ झाकून घेतलं होतं. "डागाच्या पलीकडे. घासत गेल्याची खूण आहे. बाहेर निघालाय तो. बेटाच्या बाजूला."

"मग वाजवत का नाही?"

औला घुटमळला. "आता नाही वाजवणार तो, हिल्का. याच्याखाली नाही."

"कशाच्याखाली?"

त्याने बोट वर केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "त्याची आई आमच्यातली, इथल्या मूळच्या लोकांतली. आम्ही याच्याखाली शिट्टी घालत नाही. ऐकलं तर हे उजेड खाली येतात, माणूस उचलून नेतात. माझ्याकडे अशी बघू नकोस. मी पण घालणार नाही."

ताइस्तोची आई अंगणातही या उजेडाखाली डोकं झाकून बोलत असे, हे हिल्काला ठाऊक होतं. पण ताइस्तो. सौरवारा, चुंबकीय क्षेत्र, सगळं पोपटासारखं सांगणारा ताइस्तो. ओल्या अंगाने बेटावर बसला असेल, गळ्यात शिट्टी, आणि वर आकाश पेटलंय म्हणून गप्प.

"बेट लांबलचक आहे," औला म्हणाला. "मी वळशाने जातो. पण कुठल्या टोकाला बघू? झाडीत शिरला असेल. ओला माणूस आहे, शोधायला वेळ नाही आपल्याला."

हिल्काने कोटाचं वरचं बटण सोडलं आणि शिट्टी ओठांत धरली.

"हिल्का, नको," औला म्हणाला. खरोखर घाबरून म्हणाला. मोठा माणूस, लांडग्यांमागे जाणारा.

तीही घाबरली होती. या गोष्टीला ती आयुष्यभर हसत आली होती, पण आता वर सगळं हलत होतं. आवाज नीट पोचावा म्हणून ती काठ सोडून बर्फावर उतरली, चार पावलं गेली. पायाखाली काहीतरी कण्हलं. तिने शिट्टी फुंकली. छाती रिकामी होईपर्यंत फुंकली, आणि श्वास घेऊन पुन्हा.

पलीकडून, बेटाच्या डाव्या टोकाकडून, एक चिरका ओरडा आला.

"बंद कर ती शिट्टी! वेड लागलं का तुला?"

औला तोवर स्कूटरवर बसला होता.

अॅम्ब्युलन्सवाल्या मुलीने ताइस्तोचे पाय तपासले, दोन बोटांचं काही सांगता येत नाही म्हणाली, बाकी माणूस शाबूत आहे म्हणाली. उद्या सकाळी दवाखान्यात या. ती गेल्यावर ताइस्तो घोंगड्यांत गुंडाळलेला स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याचे दात अजून वाजत होते. औला दाराशी उभा होता, टोपी न काढता. टेबलावर किटलीचा गोल पांढरा डाग उमटला होता आणि मेर्वी तो पुसत होती, जाणार नाही हे माहीत असून.

"टोचे कामाला आले," ताइस्तो म्हणाला. "फोन गेला. कॅमेरा गेला."

मेर्वीने फडका पुन्हा ओला केला.

"मी वाजवणार होतो," तो म्हणाला. "ते मावळल्यावर वाजवणार होतो."

"कधी मावळले ते?" मेर्वीने विचारलं.

ताइस्तोने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंगण अजून हिरवं होतं. मग म्हणाला, "पण काय आकाश होतं, हिल्का. तुझा शब्द पुन्हा खरा ठरला. जरा लवकर सांगितलंस एवढंच."

"माझा शब्द खरा नव्हता. तो दाराला टेकवलेल्या गाडीचा होता."

"होतं असं कधीतरी. पुढच्या वेळी—"

"नवा फोन घेऊ उद्या," औला घाईने म्हणाला. "आणि गटावर सगळे विचारतायत, काय लिहू?"

हिल्काने पडदा भिंतीकडे फिरवला. तिचा आवाज खानावळीत पोरांना रांग लावायला सांगताना असे तसा होता, ना वर ना खाली.

"लिही की हिल्का गटातून गेली. बरणी राहील, मी बघत राहीन, ते माझ्याने सुटणार नाही. पण काय दिसलं ते इथून पुढे कुणाला सांगणार नाही. कुणालाच नाही."

"मलाही?" ताइस्तोने विचारलं.

"तुलाही नाही."