रुमालाखालची करंगळी

मुरबाडच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत बसलो होतो. ड्रायव्हर ओळखीचा, शेणव्याचा. खिडकीतून डोकं घालून म्हणाला, "काका, शहापूरला जाताव ना? गोविंद मास्तर गेला सकाली." मी म्हणालो, "बरं." त्या क्षणी मला दुःख झालं नाही. आधी आठवला तो वास. बारा दिवसांपूर्वी त्याच्या खोलीत भरून राहिलेला, पाठीच्या जखमांचा, औषधाचा आणि अंगाखाली ओल्या राहिलेल्या गोधडीचा... माझा हात आपोआप धोतराला पुसला गेला. माणूस गेल्याचं कळल्यावर पहिलं काय आठवावं, हे आपल्या हातात नसतं. लिहायला बसलोच आहे तर खरं तेच लिहितो.

गोविंद आणि मी शेणव्याच्या शाळेत एका बाकावर होतो. तो शिकला, शहापूरला हायस्कुलात विज्ञानाचा मास्तर झाला. मी सातवीत शाळा सोडून बैलांच्या मागे लागलो आणि हेडी झालो. बैल विकत घ्यायचे, चारायचे, बाजारात उभे करून विकायचे. बापाने मला एक कासराही ठेवला नव्हता, जे केलं ते जिभेवर आणि बोटांवर केलं. मास्तरला मात्र जन्मभर एकच नाद, माणसाची कातडी आणि नखं. कोणी भेटला की रामराम करायच्या आधी त्याचा हात उलटा करून नखं बघणार. पोरांची नखं वर्गात स्वतः कापणार आणि आतला मळ भिंगाखाली धरून "बघा रे, आज हे जेवलात" म्हणून दाखवणार. कपाटात जामच्या बाटलीत पिवळट पापुद्रे ठेवलेले असत. मी एकदा विचारलं, "ही सुकट कशाला ठेवलीस?" तर म्हणतो, "सुकट नाय रे, माझी टाच. वरची कातडी मेलेली असते हे पोरांना दाखवायला लागतं." त्याच्या घरचा चहा मी त्या दिवशी अर्धा टाकून उठलो. त्यानंतर त्याच्याकडे गेलो की कप आधी उजेडात धरून बघायचो.

पण बोलायला लागला की ऐकत बसावं लागे. वरचा थर मेलेला, म्हणून टाच तासली तरी दुखत नाही. त्याच्या खाली जिवंत थर. तिथे घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, रक्त, आणि ऊन, गार, टोचलेलं सांगणाऱ्या नसा. कातडी महिन्याभरात नवी होते. नख मुळाशी वाढतं आणि पुढे सरकतं, हाताचं नख टोकाला पोचायला सहा महिने घेतं. लावणीच्या दिवसांत आमच्या बायका पायांना आणि नखांना मेंदी का थापतात, चिखलात बोटांची बेचकी का कुजते, ते तो बांधावर उभा राहून सांगे. कुजलेली बोटं स्वतःच्या हाताने फाकवून बघे. मी तोंड फिरवी. त्याला काहीच वाटत नसे. "कातडी आहे रे हरी," म्हणे. "घाण बाहेर ठेवायचं काम करते ती. मग तिच्यावर घाण नसणार तर काय अत्तर असणार?"

आता माझं गाऱ्हाणं सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या उजव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा आला होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता. मास्तरने तो पाहिला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "सरकारी दवाखान्यात चल. गोळ्या फुकट मिळतात, बरा होशील." रोगाचं नाव त्याने घेतलं. ते मी इथेही लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळलं असेल. मी त्याला घरातून हाकललं. त्या रोगाची मला लहानपणापासून शिसारी. देवळाच्या पायरीवर बसलेली, बोटं झडलेली माणसं दिसली की मी रस्ता बदलत असे. पुढची दोन वर्षं मी भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घातला. मास्तर यायचा, तेच सांगायचा, मी शिव्या द्यायचो.

आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं धरायची. कोणतं बोट धरलं, कुठल्या पेराशी दाबलं, त्यावर आकडा. बाहेर शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. या बोटांच्या जोरावर मी उभा राहिलो होतो. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत, ती दोन वर्षं सरल्यावर, किन्हवलीकडच्या एका म्हाताऱ्याची जोडी मी घेत होतो. त्याने रुमालाखाली माझी चार बोटं धरली, मी मान हलवली. रुमाल काढला तेव्हा तो पाच बोटांचा भाव मागू लागला.

"करंगली दाबली व्हती मी. तू हो बोललास!"

"नाय दाबलीस! पांढरे केस झाले तरी लबाडी?" मी त्याच्या सदऱ्याला हात घातला. बघे जमले. मास्तर जत्रेत भटकत होता, तो गर्दीतून पुढे आला. खाली पडलेला बाभळीचा काटा त्याने उचलला आणि माझा मोकळा उजवा हात धरला. मी म्हाताऱ्याशी भांडत होतो, माझं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने मास्तर हळू म्हणाला, "हरी, खाली बघ."

काटा करंगळीत अर्धा घुसला होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मला काहीच कळलं नव्हतं... आणि भोवतीची माणसं एक पाऊल मागे सरकली. ते एक पाऊल मी आजवर विसरलो नाही. म्हाताऱ्याने माझा हात धरलेला आपला हात मातीत घासला, पुन्हा पुन्हा घासला.

गोळ्या घेतल्या. लघवी लाल झाली, कातडी तांबूस काळी पडली, आरशात स्वतःचं थोबाड बघायचं मी सोडून दिलं. चहावाला माझा कप वेगळ्या खिळ्याला टांगू लागला. डॉक्टर म्हणाले, आता तुमच्यापासून कोणाला धोका नाही. पण डॉक्टर काही बैल घेत नाहीत. पुढच्या जत्रेत मी सहा बैल घेऊन उभा राहिलो, रुमाल खांद्यावर, आणि दोन दिवस एकाही माणसाने त्याखाली हात घातला नाही. ज्यांना मी धंदा शिकवला ते लांबून तोंडाने भाव विचारत होते. मला त्यांची किळस आली, त्याहून स्वतःची.

तिसऱ्या दिवशी दुपारी, गर्दीच्या वेळी, मास्तर समोर येऊन बसला. ज्याने उभ्या जन्मात कोंबडी विकत घेतली नाही तो.

"ढवळ्या केवढ्याला?"

"तुला बैल कशाला? फळ्यावर नांगर धरणार?"

"तू रुमाल टाक रे. गिऱ्हाइकाला उलटं बोलतोस, म्हणून बसलायस माश्या मारत."

मी रुमाल टाकला. त्याने आत हात घातला, सगळ्यांच्या देखत, निवांत. माझी करंगळी धरून नख रुतवलं. "लागलं?" थोडं, लांबून आल्यासारखं लागत होतं. मी म्हणालो, "लागलं." "मग भाव बोल." अर्धा तास आम्ही घासाघीस केली. बैल त्याने घेतला नाही, उलट माझ्या भावाला नावं ठेवून उठला. पण तो उठल्यावर सरळगावचा एक जुना हेडी येऊन त्याच जागेवर बसला आणि म्हणाला, "टाक रुमाल." त्यानंतर दर जत्रेत मास्तर यायचा. पहिलं गिऱ्हाईक तोच, तेच नख, तोच प्रश्न.

मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. एकदा म्हणालो मात्र, "एकटं गाठून सांगायचं होतंस." तो म्हणाला, "दोन वर्षं एकटाच सांगत होतो ना रे?" हे खरं आहे. तरी मला आजही वाटतं, काटा टोचायचाच होता तर गाडीच्या आड न्यायला काय झालं होतं? माणूस गेल्यावर राग सोडावा म्हणतात, पण माझा सुटत नाही.

शेवटची भेट शहापूरला, त्याच्या घरी. अर्धांगाने तीन महिने पडून होता. सून एकटी सगळं करायची, तिला बोल लावत नाही. पण पाठीची कातडी जागोजाग गेली होती, आणि नखं... ज्याने तालुक्याची नखं कापली त्याची नखं वाढून पिवळी, वाकडी झाली होती. नेलकटर उशाशी खिळ्याला दोऱ्याने लटकत होता. मास्तरने डोळ्यांनी तो दाखवला, मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. मी म्हणालो, "उद्या येतो, निवांत कापू." त्याने चांगला हात चादरीखालून बाहेर काढला, माझी करंगळी धरली, ते लांब नख रुतवलं. जीभ जड होती, तरी शब्द कळला. "लागलं?" मी हात हिसकावून घेतला. अंगणातल्या नळावर साबणाने हात धुतला, दोनदा. सून दारातून बघत होती. त्या दिवशी मी त्या किन्हवलीच्या म्हाताऱ्यापेक्षा वेगळा नव्हतो.

उद्या गेलो नाही. परवाही नाही.

त्या भेटीला आता दोन महिने होत आले. रुतलेल्या नखाची खूण दोन दिवसांत गेली. मास्तरच्या हिशोबाने त्याने धरलेली कातडीही एव्हाना झडून नवी आली असेल. नखाला मात्र सहा महिने लागतात. उजव्या करंगळीचं नख मी तेव्हापासून कापलेलं नाही. बाजारात लोक बघतात, आत मळ साचतो, जेवताना माझी मलाच घाण वाटते. बायको म्हणते, "कापा ना ते, शी!" पण मुळाशी आलेलं तेवढं नवीन आहे. पुढचं सगळं अजून त्याच्या वेळचं आहे.